‘अगं, कुठे ठेवलंय?’

व्यवस्थितपणा कसा आणावा यावर लिहिणारे बहुतेक जण मुळातच व्यवस्थित असतात. त्यांचं वाचून व्यवस्थित माणसं खूश होतात, बाकीचे खजील होतात आणि घर आहे तसंच राहतं. म्हणून सल्ल्याच्या भानगडीत न पडता मी इथे एक वाद मांडतो आहे. त्यातले मामा चिंचवडला राहतात. भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. भाची पुण्यातल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. कामावरचा पसारा दोघांनाही खपत नाही. घरच्या पसाऱ्याबद्दल मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना. भाचीला तिच्या भाड्याच्या घराचा करारनामा सापडत नव्हता, एवढं निमित्त पुरलं. मामी स्वयंपाकघरात होत्या आणि बराच वेळ त्या या वादात नव्हत्या. कंसातले शेरे माझे.

मामा: करारनामा हा काय हरवायचा कागद आहे? हे कपाट बघ. घरपट्टी, वीजबिलं, एलआयसी, बँक, सातबारा. प्रत्येकाची वेगळी फाइल, पाठीवर नाव. फ्रिजची 1994 सालची पावतीसुद्धा काढून देतो.

भाची: तो फ्रिज आहे अजून?

मामा: फ्रिज कधीच गेला.

भाची: मग पावती कुणासाठी सांभाळतोयस? मामा, याला व्यवस्थितपणा नाही म्हणत. ही अडगळच आहे, फक्त फायलीला लावलेली.

मामा: बरं, पावती टाकतो. पण तू आत्ता जे बोललीस ना, तोच आमचा पहिला एस.

भाची: आलं. फाइव्ह एस आलं.

मामा: येणारच. जपान्यांचे पाच शब्द. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते बाजूला काढ, हवं त्याला जागा दे, स्वच्छ ठेव, सगळीकडे एकच पद्धत लाव आणि ती रोज पाळ. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर लोक थेट तिसऱ्यापासून सुरुवात करतात. माळ्यावरचं सगळं खाली काढायचं, पुसायचं आणि पुन्हा माळ्यावर टाकायचं. बंद पडलेली इस्त्री दर वर्षी चकचकीत होऊन वर जाते. आमच्याकडे जी वस्तू कशाला लागते ते कुणाला सांगता येत नसे, तिला लाल टॅग. त्यावर तारीख आणि टॅग लावणाऱ्याचं नाव. वस्तू पिवळ्या पट्ट्याच्या आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची. मुदतीत कुणी मागायला आलं नाही की भंगारात. भांडण नाही, रडारड नाही.

भाची: घरात रडारड असते. आजीचा पाटा-वरवंटा कुणी वापरत नाही म्हणून त्याला लाल टॅग लावशील?

मामा: पाट्याला नाही लावणार. इस्त्रीला लावीन. आणि माळ्यावर पाटे किती निघतात आणि इस्त्र्या किती, ते एकदा मोज. आठवणीच्या नावाखाली आपण जे साठवतो त्यातलं बहुतेक सगळं नुसतं ‘असू दे, लागेल कधीतरी’ असतं.

(इथे मी मामांच्या बाजूचा. आमच्या पिढीच्या घरांत चार्जरच्या वायरींनी भरलेला एक खण असतोच. त्यातली एकही वायर कुणाची आठवण नसते.)

भाची: आणि दुसरा एस? प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक वस्तू जागेवर. हे तर आईसुद्धा म्हणायची. त्यासाठी जपानला कशाला जायला हवं?

मामा: आई म्हणायची, पण आईची जागा तिच्या डोक्यात असायची. आमच्याकडे ती भिंतीवर असे. मेंटेनन्सच्या माणसांसाठी एक बोर्ड होता. पिवळ्या प्लायवुडवर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची काळ्या रंगात बाह्यरेषा काढलेली. वस्तू आपल्या सावलीवर टांगायची. रात्रपाळी सुटताना फोरमन बोर्डाकडे नुसती नजर टाकायचा. बारा-तेराचा पाना नसला की ती काळी आकृती उघडी पडायची. लक्षात घे, पाना कुठे आहे हे बोर्ड सांगत नाही. पाना नाही हे सांगतो. आणि ते कालच कामावर लागलेल्या पोरालाही सांगतो. त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

भाची: हे आवडलं. पण तिथे त्या बोर्डाची काळजी घेणारा पगारी माणूस होता, आणि तो तू होतास. घरातल्या बोर्डाला असा माणूस कुठला?

मामा: घरात ज्याचं त्याने पाहायचं. शेवटी ज्याचा त्याचा स्वभाव असतो. काहींना जन्मतः टापटीप असते. तुला नाही, त्याला कोण काय करणार?

भाची: थांब. माझा स्वभाव गबाळा, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. मग थिएटरमध्ये काय होतं ते ऐक. पोटाचं ऑपरेशन असलं की सुरुवातीला मी आणि फ्लोअरवरची सिस्टर मिळून मॉप आणि गॉज मोजतो. मनात नाही, मोठ्याने, दोघींनी एकत्र. प्रत्येकाला एक्स-रेत दिसणारा धागा असतो. आकडा भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर लिहितो. मध्ये नवीन पाकीट फोडलं की आकडा वाढवायचा. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायचं, कातडीला टाके घालण्याआधी पुन्हा. एक कमी भरला की सर्जन कितीही मोठा असो, हात थांबतो. बादली उलटी करायची, ड्रेपखाली बघायचं, टेबलाखाली बघायचं. तरी नाही मिळाला तर एक्स-रे. नोकरीला लागल्यापासून मला कुणी गबाळी म्हटलेलं नाही. तीच मी रात्री घरी येते आणि किल्ली कधी फ्रिजवर, कधी चपलांच्या रॅकवर, तर कधी कुलुपालाच. स्वभाव काय मी हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये ठेवून येते?

मामा: तिथे माणसाचा जीव असतो. धाक असतो.

भाची: धाकाने काम बिघडतं, सुधारत नाही. तिथे एकच गोष्ट वेगळी असते. कुणाच्याही आठवणीवर कुणी विसंबत नाही. वीस वर्षं काम केलेल्या सिस्टरच्याही नाही. आकडा भिंतीवर असतो आणि तोंडी मोजायला दुसरं माणूस असतं. घरी आकडा माझ्या डोक्यात असतो आणि डोकं तेव्हा झोपायला निघालेलं असतं.

मामा: म्हणजे स्वभाव नसतोच, असं म्हणायचंय का तुला? माझ्या हाताखाली एक मुलगा होता. हुशार, मेहनती, पण हातात घेतलेली वस्तू कुठे ठेवली हे त्याला पाचव्या मिनिटाला सांगता यायचं नाही. कितीही बोललो तरी.

भाची: असतात अशी माणसं. काहींना एडीएचडी असतो. मोठ्या वयातही त्याचं निदान होतं. तोवर ‘आळशी’, ‘बेफिकीर’ हेच शिक्के बसलेले असतात. तिथे तुझं बरोबर, डोकं सगळ्यांचं सारखं नसतं. पण त्याला बोलून काय मिळालं? त्याच मुलाला तो पान्यांचा बोर्ड कसा जमत होता?

मामा: बोर्ड जमायचा. रिकामी आकृती दिसली की तो स्वतःच शोधायला निघायचा.

भाची: मग झालं तर.

मामा: झालं कसं? म्हणजे यादी हवी, फळा हवा, बोर्ड हवा. मी तरी दुसरं काय सांगतोय? तुमच्याच क्षेत्रातला तो अतुल गावंडे. वडील आपल्या विदर्भातले. त्याने याद्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात त्या बोइंगची गोष्ट आहे. 1935 साली ऑक्टोबरात अमेरिकेत नव्या बॉम्बर विमानाची चाचणी होती. वैमानिक अव्वल दर्जाचा. विमान वर चढलं आणि कोसळलं, कारण जमिनीवर असताना शेपटीचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली कळ काढायचीच राहून गेली होती. विमानात बिघाड काहीच नव्हता. त्यानंतर वैमानिकांना आणखी शिकवत बसले नाहीत, एक छोटी यादी केली. तेच विमान पुढे युद्धात हजारोंनी वापरलं.

भाची: पुस्तक मी वाचलंय. सर्जरीची यादी आम्ही रोज वापरतो. एकोणीस मुद्दे. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत तपासून पाहिली होती, त्यात दिल्लीही होतं. 2009 साली निकाल आला. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यांवर, गुंतागुंतीचं 11 वरून 7 वर.

मामा: बघ!

भाची: पुढचं ऐक. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी शंभरेक हॉस्पिटलांना लावली. 2014 साली त्याचा अभ्यास छापून आला. मृत्यूंमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक नाही. यादी तीच, रकाने तेच. वरून हुकूम आला की कागद भरला जातो, काम बदलतंच असं नाही. काही ठिकाणी काय चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. केस संपल्यावर कुणीतरी फॉर्म पुढे ओढतं आणि सगळ्या टिका एका दमात, एकाच तिरक्या हाताने मारून टाकतं. यादी भरलेली असते. मधल्या वेळात थांबून एकमेकांशी जे बोलायचं ते कुणी बोललेलं नसतं.

मामा: (हसून) आमची बिन कार्डं अशीच. रॅकमधल्या प्रत्येक खणाला एक कार्ड लटकवलेलं. माल आला की लिही, गेला की लिही, शिल्लक लिही. ऑडिटच्या आदल्या रात्री महिन्याभराची कार्डं बसून भरायची आणि शाई वेगवेगळी दिसावी म्हणून तीन पेनं घ्यायची.

भाची: आणि तू मला करारनाम्यावरून बोलतोयस!

मामा: पण त्यातूनच आम्ही शिकलो. जी नोंद लिहिणाऱ्याच्या उपयोगाची नसते ती खोटी होते. साहेबासाठी भरलेलं कार्ड खोटं निघायचं. स्वतःला माल शोधायचा असला की कार्ड खरं असायचं.

(या एका वाक्यासाठी मी मामांच्या सगळ्या फायली माफ करतो. घरोघरी एक जानेवारीला सुरू होऊन संक्रांतीपर्यंत संपणाऱ्या डायऱ्यांचं दुखणं हेच आहे. त्या आपण होऊ इच्छितो त्या माणसासाठी भरलेल्या असतात आणि तो माणूस त्या घरात राहत नसतो.)

मामा: आता तुला एक सोपा उपाय सांगतो. दाराशी खिळा ठोक. एकवीस दिवस किल्ली तिथेच लाव. एकवीस दिवसांत सवय लागते.

भाची: हा एकवीसचा आकडा कुठून आला ठाऊक आहे? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक प्लॅस्टिक सर्जन होता. नाक बदललं की नवा चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला निदान एकवीस दिवस लागतात असं त्याने 1960 सालच्या पुस्तकात लिहिलं. ‘निदान’ गळून पडलं, नाक गळून पडलं, एकवीस राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर खरंच अभ्यास झाला. जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी थोडं पळून येणं, असल्या साध्या गोष्टी. सरासरी 66 दिवस. कुणाला 18 पुरले, कुणाला 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मला तेच जास्त कामाचं वाटतं. कारण माझं नेहमी असं होतं की बुधवारी चुकतं आणि त्याबरोबर सगळंच सुटतं.

मामा: म्हणजे शिस्त ढिली चालेल?

भाची: ढिली नाही. पण मोडली तर पुन्हा जोडता येणारी हवी. तुझ्या पद्धतीत एक दिवस मोडला की माणूस नापास.

मामा: माझ्या घरात असं काही होत नाही. चाळीस वर्षांत या घरात वस्तू सापडली नाही असं झालेलं नाही. विचार मामीला.

भाची: मामीला नाही, तुलाच विचारते. आत्ता चालू असलेला सिलिंडर कधी लावला?

मामा: असेल पंधराएक दिवस.

भाची: साबुदाणा कुठल्या डब्यात आहे?

मामा: वरच्या फळीवर... स्टीलच्या.

भाची: वरच्या फळीवर अकरा डबे आहेत आणि सगळे स्टीलचे. दळण कधी संपतं? नळाला पाणी किती वाजता येतं? हिंग आणायचा झालाय का? मामाच्या... म्हणजे तुझ्याच बीपीच्या गोळ्या किती उरल्यात?

मामा: गोळ्या मामी काढून ठेवते.

भाची: तुझी फाइल वर्षातून दोनदा उघडते. मामीचं स्टोअर दिवसातून वीसदा उघडतं आणि त्याला ना बिन कार्ड, ना बोर्ड. एकच माणूस, सगळ्या पाळ्या त्याच्याच. तुझ्या कारखान्यात असं चाललं असतं?

मामा: स्टोअरकीपर सुट्टीवर गेला की लाइन थांबते, असं स्टोअर आम्ही नापास करायचो.

(मामी गेल्या मे महिन्यात बहिणीकडे सांगलीला गेल्या होत्या, तेव्हा या घरात काय झालं ते मला ठाऊक आहे. मामांनी ते वादात आणलं नाही, मीही आणत नाही.)

भाची: सरकारनेच मोजलंय. 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 299 मिनिटं गेली, पुरुषांची 97. आणि असं काम मुळात करणारे पुरुष 100 पैकी 26, बायका 81. पाच वर्षांनी, 2024 मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा 289 आणि 88. पण ही सगळी हातांची मिनिटं. साबुदाणा एकादशीपर्यंत पुरेल का हे पोळी लाटता लाटता मनात चालू असतं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? मासिकांमधून ‘सुगृहिणीचं नीटनेटकं घर’ म्हणून फोटो छापतात. घर नीटनेटकं नसतंच, मामा. घरात एक नीटनेटकं माणूस असतं आणि बाकीचे ‘कुठे ठेवलंय’ म्हणून हाका मारत असतात. त्या मारी कोंडोबाईंचंच बघ. जगभर लोकांच्या कपाटांना शिस्त लावली आणि तीन मुलांच्या धबडग्यात 2023 साली मोकळेपणाने सांगून टाकलं की आता घर आवरण्याचा हट्ट सोडलाय. कामाच्या जागी ती आवरायला पगार घेत होती. घरी कोण देतो?

मामा: मान्य. मग उपाय माझाच आहे की. सगळ्या डब्यांना लेबलं लावू. उद्याच. माझ्याकडे लेबलांचा रोल पडून आहे.

इथे मामी हात पुसत बाहेर आल्या.

मामी: खबरदार. माझ्या डब्यांना कागद चिकटवायचा नाही.

मामा: अगं, तुझ्याच सोयीसाठी.

मामी: माझी कसली सोय? आज त्या डब्यात साबुदाणा आहे. संपला की धुऊन त्यात भाजणी भरेन, मग शेंगदाणे. रोज लेबल सोलत बसू का? आणि मिसळणाच्या डब्यावर कुठे काय लिहिलंय? मोहरी, जिरं, हळद, हिंग, तिखट, सगळं एका नजरेत दिसतं. मालगुंडातल्या माहेरी गेले तरी तिथला डबा उघडून फोडणी घालता येते.

भाची: मामा, हे धर. झाकण काढलं की सगळं दिसतं आणि दिवसातून चारदा हात जातो, तिथे लेबल लागत नाही. लेबल लागतं ते क्वचित लागणाऱ्या गोष्टीला. तुझ्या फायलींवर नावं बरोबर आहेत. तीच पद्धत उचलून स्वयंपाकघरात लावली की नडते.

मामी: आणि लिहायचं ते मी लिहितेच. ते काय.

(‘ते काय’ म्हणजे दाराआडचं कालनिर्णय. 1973 पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेत साळगावकरांनी तिथी, सण आणि मागच्या पानावर वाचायला लेख दिले. तारखेच्या चौकोनातली मोकळी जागा मराठी बायकांनी आपल्या हिशोबाने वापरली. मी जवळ जाऊन पाहिलं. 6 तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘गॅस’. 11 ला ‘दू. नाही’. 17 ला ‘दू. अर्धा जास्त’. 19 ला ‘बाई नाही’. बाकी चौकोन रिकामे.)

मामा: दूध आलं ते कुठे लिहिलंयस?

मामी: रोज येतंच. आलं ते कशाला लिहायचं? नाही आलं ते लिहायचं. महिन्याच्या शेवटी तीसातून तेवढे वजा.

मामा: (जरा वेळाने) हाच तो बोर्ड. रिकामी आकृती.

भाची: आणि बिन कार्डासारखा खोटा नाही, कारण पैसे तिलाच द्यायचे असतात.

मामी: तुम्ही दोघं तासभर काय बोलताय ते ऐकतेय मी. मला यादी नको, लेबल नको, तुमचं जपानी तर मुळीच नको. मला एवढंच हवंय की मी टीव्हीसमोर बसले असताना ‘अगं, कुठे ठेवलंय’ अशी हाक येऊ नये. आधी शोधा. मग विचारा.

भाची: शोधून मिळेल अशी जागा तरी हवी ना, मामी? तुझी जागा तुझ्या डोक्यात.

मामी: वीस वर्षं साखर त्याच कोपऱ्यात आहे. ती माझ्या डोक्यात आहे की यांच्या डोळ्यांत नाही?

(या प्रश्नाला मामांकडे उत्तर नव्हतं. वादात ते पहिल्यांदाच गप्प बसले, म्हणून नोंद करतो. मला स्वतःला वाटतं की विचारलं की लगेच मिळतं, म्हणून बघायची गरजच पडत नाही. उत्तर देणारं माणूस हाकेच्या अंतरावर असेपर्यंत घरातल्या बाकीच्यांना वस्तूंच्या जागा दिसत नाहीत.)

मामा: एक करता येईल. आमच्याकडे बारीक मालाला दोन खणांची पद्धत होती. नट, बोल्ट, वायसर. एक खण वापरात, दुसरा भरलेला मागे. पुढचा संपला की मागचा पुढे ओढायचा आणि रिकामा खण मागणीच्या रॅकवर ठेवायचा. शिल्लक मोजायची नाही, हिशोब नाही. रिकामा खण हीच मागणी. चहा, साखर, साबुदाणा, साबण, माझ्या गोळ्या, सगळ्याला लावता येईल. प्रत्येकाचं एक पाकीट मागे. मागचं जो फोडेल त्याने फ्रिजवरच्या पाटीवर लिहायचं. वाण्याकडे ती पाटी मी नेणार.

भाची: यात मला सगळ्यात काय आवडलं सांगू? लिहायचं काम फोडणाऱ्याकडे आहे. आठवण ठेवणाऱ्याकडे नाही. ‘मला सांगायचं ना, मी आणलं असतं’ हे वाक्यच मरून जातं.

मामी: आणि फोडणारी कोण? मीच. चहा मी करते, खिचडी मी करते.

भाची: ...हो. हे राहिलंच.

मामा: सकाळचा चहा मी करतो. उद्यापासून.

मामी: करा. पण आलं किसणीने किसायचं, ठेचायचं नाही.

भाची: मामी, आता तुझ्यावर येते. हे बघ, मामाने भांडी लावली की तू मागून जाऊन पुन्हा लावतेस. मी पाहिलंय. वाट्या काढून दुसरीकडे, ताटं सरळ. मग तो दुसऱ्या दिवशी कशाला लावेल? थिएटरमध्ये ट्रे लावायची माझी एक पद्धत आहे, पण दुसरीने लावला आणि मोजणी बरोबर असली तर मी हात लावत नाही. मनात येतं, तरी नाही. तुला हाका नको असतील तर थोडं वाकडं लागलेलं सोसावं लागेल.

मामी: वाट्या ताटांच्या खाली ठेवतात ते. ताट काढायला गेलं की सगळं खडखडत खाली येतं. ते वाकडं नाही, चूक आहे.

भाची: मग चूक तेवढी सांग. बाकी सोड.

मामी: बोलायला सोपं आहे. माझं स्वयंपाकघर आहे ते.

(इथे वाद खऱ्या जागी आला, असं माझं मत. सगळं डोक्यात ठेवण्याचा शीण खरा, तसा त्यातला मानही खरा. ‘माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही’ हे तक्रार म्हणून म्हणताना आवाजात किंचित समाधान असतंच. ते सोडायला मामींना मामांच्या चहापेक्षा काहीतरी मोठं मिळायला हवं, आणि ते काय असेल हे भाचीलाही सांगता आलं नाही.)

मामा: एक फळी मला दे. एकच. चहाची. कप, गाळणं, किसणी, साखर, पावडर. ती मी लावणार, तू हात लावायचा नाहीस.

मामी: आणि पाहुणे आले तर?

मामा: पाहुण्यांचा चहाही मी करणार.

मामी: (भाचीला) ऐकलंस ना? साक्षीदार आहेस. खालून दुसरी फळी देते, गॅसजवळची. पण महिनाभर. महिन्याने मी बघणार.

भाची: महिना नाही, 66 दिवस तरी दे.

मामी: दिले. मध्ये एखादा दिवस चुकला तर चालेल, असंही तूच म्हणालीस. सलग दोन चुकले की फळी परत माझी.

मामा: आणि फळीच्या पाठीमागे भिंतीवर मी कप, गाळणं, किसणी यांच्या आकृत्या काढून घेतो. काळ्या रंगात, बारीक. म्हणजे किसणी जागेवर नसली की...

मामी: परवा दिवाळीला रंग दिलाय त्या भिंतीला.

मामा: बरं, कागदावर काढतो. कागद चिकटवतो.

मामी: सेलोटेपने रंग निघतो.

भाची: मामा, किसणी एकच आहे रे घरात.

मामा: एकच आहे म्हणूनच. दोन असत्या तर बोर्ड लागला नसता.